न लिहिलेले चार आटे

नाना पाईपाचं ऐकायचे ते दातांनी. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, लोखंडी टोक पाईपाला टेकवायचं, लाकडी मूठ दातांत धरायची, दोन्ही कानांत बोटं घालायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. कारखान्यात नव्याने आलेला माणूस हे पहिल्यांदा पाहायचा तेव्हा त्याला वाटायचं, म्हाताऱ्याला शॉक लागला. एका नव्या सुरक्षा अधिकाऱ्याने तर धावत जाऊन नानांना मागून कवेत धरून ओढलं होतं. नाना चिडले नाहीत. त्यांनी मूठ तोंडातून काढली, धोतराला नव्हे, त्या अधिकाऱ्याच्याच बाहीला पुसली आणि म्हणाले, "साहेब, मधलं जरा ऐकायचं राहिलं. आता तुम्ही धरा दातात, मी तुम्हाला ओढतो."

अशा गमती मी पुष्कळ सांगू शकतो, आणि सांगणारही आहे. पण एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे हसताना तुम्हाला माझ्याबद्दल गैरसमज राहणार नाही. त्या कारखान्यात नानांना प्रवेश बंद झाला तो माझ्यामुळे. त्यांच्या नावावर जो डाग लागला तो माझा होता. आणि तो पुसायला मला सात वर्षं लागली.

कारखाना धुळ्याच्या बाहेर, हायवेला लागून. मक्यापासून स्टार्च करायचा. मी मूळचा जळगावचा, इन्स्ट्रुमेंट विभागात इंजिनिअर. बायको-मुलं जळगावला, मी धुळ्याला खोली घेऊन. नाना शिंदखेड्याकडच्या एका गावातून रोज एसटीने यायचे. उभं आयुष्य त्यांनी दीपनगरच्या वीज केंद्रात पाईपफिटर म्हणून काढलं होतं. निवृत्तीनंतर आमच्याकडे करारावर आले. पदाचं नाव 'सल्लागार'. ते म्हणायचे, "फिटर होतो तेव्हा लोक ऐकायचे. सल्लागार झालो आणि बंद झालं."

त्यांची एक स्टीलची वाटी होती. ती अर्धी पाण्याने भरून ते पाईपावरच्या पत्र्यावर ठेवायचे आणि समोर उकिडवे बसून पाण्याकडे बघायचे. पाण्यावर बारीक, एकसारखी वर्तुळं उठली तर नाना मान डोलावून उठायचे. पाणी उड्या मारायला लागलं तर तिथेच बसून राहायचे आणि त्याच्याशी अहिराणीत बोलायचे. "काय शे? कोणी मारं तुले?" तपासणी झाली की ते पाणी पिऊन टाकायचे. मी एकदा विचारलं, असं काय नाना? तर म्हणाले, "उन्हाळा शे. फेकायचं कशाला?"

मीटिंगमध्ये ते झोपायचे. चोरून नव्हे, रीतसर, टोपी गुडघ्यावर ठेवून. मोठे साहेब, म्हणजे आमचे जनरल मॅनेजर, त्यांना उठवत नसत, कारण चुकीचं वाक्य आलं की नाना आपोआप उठायचे. "पाईप थरथरतोय, त्याला पकडून ठेवू" असं कोणी म्हटलं की एक डोळा उघडायचा. "पाईप स्वतःहून कधीच थरथरत नाही. त्याला कोणीतरी हलवतंय. आधी तो शोधा." डोळा पुन्हा बंद.

एकदा मी त्यांना जळगावला घरी जेवायला नेलं. हिवाळा होता, भरताचा बेत होता, आणि नेमक्या माझ्या सासूबाई आलेल्या. आमच्या स्वयंपाकघरातला नळ उघडला की भिंतीतला पाईप दोन वर्षं घुं-घुं करायचा. तीन प्लंबर होऊन गेले होते. पानं वाढली जात होती, सासूबाईंनी हात धुवायला नळ सोडला, आणि नाना पाटावरून ताडकन उठले. पोळपाटाजवळचा उलथना उचलला, त्याचं एक टोक नळाला लावलं आणि दुसरं दातात धरलं. सासूबाईंनी हळूच माझ्या बायकोला विचारलं, "फार वेळ झालाय का गं त्यांना जेवून?" नानांनी नळ खोलला, आतला चिमुकला वायसर सैल झाला होता तो बदलला, आणि घुं-घुं गेली. नाना पुन्हा पाटावर बसत म्हणाले, "एवढासा तुकडा पाण्यात नाचत होता. घर हलवत होता. तुम्ही भिंतीला दोष देत होता." मग चार भाकरी खाल्ल्या. सासूबाईंनी त्यानंतर तो उलथना कधी वापरला नाही.

नानांची आणखी एक सवय सांगायलाच हवी, कारण सगळं पुढे तिच्यावरच आलं. आमच्याकडे नियम होता की कोणीही कुठलाही व्हॉल्व्ह हाताने फिरवला तर पाळीच्या वहीत लिहायचं. किती आटे फिरवला, केव्हा, कशासाठी. आटे म्हणजे हँडव्हीलच्या फेऱ्या. नानांना लिहिता उत्तम यायचं, पण वहीला ते हात लावायचे नाहीत. म्हणायचे, ग्रीसच्या हाताने वही खराब होते. ते उभे राहून मला सांगायचे, भाषण द्यावं तसं मोठ्याने. "लिहा साहेब. आज सकाळी तीन नंबरच्या पंपाचे दोन बोल्ट आवळले. बोल्ट खूश आहेत." मी लिहायचो. 'खूश आहेत' तेवढं गाळायचो. एकदा म्हटलं, नाना, मी काय लिहिलं ते बघून तरी घ्या. ते म्हणाले, "बघायचं कशाला? तू लिहिलंस ना?"

मला ते 'साहेब'ही म्हणायचे आणि 'तू'ही म्हणायचे, एकाच वाक्यात.

आता माझी चूक. ओला स्टार्च वाळवायचा दुसरा ड्रायर बसला तेव्हा त्याच्यासाठी वाफेची नवी लाइन टाकली. बॉयलरकडून वाफ जास्त दाबाने येते, ड्रायरला ती कमी दाबाने लागते. मधे एक कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. तो दाब बघून आपला आपण उघडतो, मिटतो. हा व्हॉल्व्ह केवढा घ्यायचा ते मी ठरवलं. माझ्या हिशेबात चार इंची येत होता. कागद अजून माझ्याकडे आहे. पण उत्पादनवाले म्हणाले, पुढे आणखी एक ड्रायर येईल. मला वाटलं, लाइन आठ इंची आहे, व्हॉल्व्हही आठ इंची घेऊ, उद्या कमी पडला असं कोणी म्हणायला नको. शाळेची खाकी चड्डी आई वाढत्या अंगाची घेते, तसा मी व्हॉल्व्ह घेतला. तिसरा ड्रायर कधी आलाच नाही.

मोठ्या व्हॉल्व्हचं असं होतं की गरजेपुरती वाफ द्यायला तो जेमतेम फटीएवढा उघडतो. त्या फटीतून वाफ सुसाट निघते, आतली झडप बसते-उठते, बसते-उठते, आणि तो मार सगळ्या पाईपाला लागतो. आमची लाइन सुरू झाली तसा तो कोपरा थरथरायला लागला. वरचा पत्रा वाजायचा. ड्रायरवरचा ऑपरेटर भिकन आपला डबा पाईपाशेजारच्या कपाटावर ठेवायचा, तर त्याचं झाकण जेवायच्या वेळेआधीच उघडलेलं असायचं.

पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावले. त्यांनी पाईपावर जागोजागी बटणासारखे सेन्सर चिकटवले, लॅपटॉप उघडला, आणि दोन दिवसांनी सांगितलं की पाईपाला आधार कमी आहे, अकरा ठिकाणी क्लॅम्प लावा. मी ताबडतोब हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. क्लॅम्प लावला की पाईप दोषी ठरतो, व्हॉल्व्ह नाही.

नाना त्या साहेबांच्या खुर्चीमागे उभे राहून लॅपटॉपच्या पडद्यावर नागमोडी रेषा बघत होते. म्हणाले, "छान आलाय हो पाईपाचा फोटो. पण हा रडताना काढला. मारणारा फोटोत कुठे आलाय?"

क्लॅम्प लागले. आठवड्याभरात थरथर तिथून सरकली, पुढच्या टोकाला गेली, आणि दाब दाखवणाऱ्या काट्याची बारीक नळी मुळापासून तुटली. वाफेचा फवारा उडाला. कोणाला लागलं नाही, एवढंच नशीब. नानांनी तुटलेली नळी मला आणून दिली. दोन बोटांत धरून, मेलेल्या पालीसारखी. "तोंड दाबलं, तर पोटातून आवाज निघाला."

त्या कंट्रोल व्हॉल्व्हला नाना 'जवाई' म्हणायचे. म्हणायचे, घरातली सगळी माणसं त्याच्या मर्जीकडे बघत असतात, आणि तो मधे बसून फुरंगटलेला असतो. त्या दिवशी ते व्हॉल्व्हच्या मापपट्टीपाशी वाकले. किती उघडला आहे ते तिच्यावर दिसतं. काटा शून्याच्या जरासा वर होता. नाना मान हलवत म्हणाले, "जवाई दारमाच उभा शे. ना मझार येस, ना बाहेर जास. मंग घर हालावच ना." आणि वळून माझ्याकडे बघत, "हाऊ जवाई कोणी पसंत करा रे भाऊ?"

मी म्हणालो, "हेड ऑफिसने."

ते पहिलं खोटं. नानांनी फक्त "अस्सं" म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून एक चमत्कार सुरू झाला. मी त्या कोपऱ्यात गेलो की पाईप थरथरायचा. मोठे साहेब गेले की शांत. भिकन गेला की शांत. मी एकटा गेलो की धडधड, धडधड. मी मोठ्या साहेबांना हात धरून घेऊन गेलो तर पाईप देवळासारखा गप्प. ते म्हणाले, "तुम्ही दोन दिवस रजा घ्या. घरी जाऊन या." पंधरा दिवस हे चाललं. मला खरोखर वाटायला लागलं की त्या लोखंडाला माझं पाप कळलंय. मी देवाधर्माचा फारसा नाही, तरी एका सोमवारी जळगावहून येताना नारळ घेऊन आलो आणि लाइनसमोर फोडला. शेजारी भिकन होता. त्याने खोबरं वाटलं. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं, आणि मी वळताच पाईप धडधडायला लागला.

मग एके दुपारी मी उलट्या वाटेने गेलो, आणि नानांना पकडलं. कंट्रोल व्हॉल्व्हच्या अलीकडे एक हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह आहे. नाना त्याच्या हँडव्हीलपाशी स्टुलावर बसले होते. मी नेहमीच्या वाटेने येताना दिसलो की ते तो पूर्ण उघडायचे, आणि मी गेलो की चार आट्यांवर आणून ठेवायचे. हाताचा व्हॉल्व्ह आवळला की दाबाचा निम्मा भार तो घेतो. मग पुढच्या कंट्रोल व्हॉल्व्हला तेवढ्याच वाफेसाठी जास्त उघडावं लागतं, झडप फटीपासून दूर जाते आणि मार थांबतो. भिकनसकट सगळ्या पाळीला हे माहीत होतं. नारळाचं खोबरं उगाच गोड लागलं नव्हतं त्यांना.

मी संतापलो. "नाना, पंधरा दिवस तुम्ही माझा खेळ करताय?"

"खेळ कशाचा? तू म्हणालास हेड ऑफिसने घेतला. मी म्हटलं, बघू, हेड ऑफिस कोणाला घाबरवतंय." मग हात पुसत उभे राहिले, आणि पहिल्यांदाच गंभीर झाले. "साहेब, ऐक. व्हॉल्व्ह मोठा झालाय. बाहेरचं शरीर राहू दे, आतली झडप आणि तिची बैठक लहान मागव. तोवर मी हा चार आट्यांवर ठेवतो. पण हे औषध तात्पुरतं आहे. पूर्ण लोड आला तर वाफ कमी पडेल. म्हणून वहीत लिही. मोठ्या अक्षरात लिही. चार आटेच उघडा आहे, लोड वाढवण्याआधी पूर्ण उघडा."

मी म्हणालो, "लिहितो."

वही टेबलावर होती. पेन खिशात होतं. मी बसलो, तारीख घातली. आणि माझ्या मनात आलं, हे वाक्य वाचून मोठे साहेब विचारतील, हाताचा व्हॉल्व्ह आवळायची गरज का पडली? मग झडपेचं माप निघेल. मग कागद निघेल. त्या महिन्यात माझ्या बढतीचा विचार चालू होता. मी तारखेखाली लिहिलं, 'लाइन ठीक. थरथर नाही.' आणि वही मिटली.

पाच-सहा दिवसांनी सकाळच्या पाळीत मोठी ऑर्डर आली म्हणून दोन्ही ड्रायर पूर्ण लोडवर घेतले. नाना गावी होते, घरी लग्न होतं. ऑपरेटर बदली होता, त्याने वही वाचली, वहीत काही नव्हतं. कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी वाफ पुरेना. ड्रायर गार पडला, आत ओल्या स्टार्चचे दगडासारखे गोळे झाले, आणि ते घण घालून फोडायला दोन दिवस लागले.

चौकशी झाली. मोठे साहेब, मी, नाना आणि आणखी चौघं. साहेबांनी विचारलं, "हातचा व्हॉल्व्ह कोणी आवळला?"

"मी," नाना म्हणाले.

"नोंद कुठे आहे?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. वाटीतल्या पाण्याकडे बघायचे तसे. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत होता. तो ट्रक मला आजही नंबरासकट आठवतो. नानांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर घातली. मग म्हणाले, "राहिली."

एवढा एकच शब्द. त्याच संध्याकाळी नोटीस लागली आणि कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही आली. 'वाफेच्या लाइनशी परस्पर छेडछाड केल्याबद्दल' नानांचा करार रद्द. गेटवर नाव गेलं. मला पुढच्या महिन्यात बढती मिळाली. पेढे वाटताना भिकनने हात जोडले, "साहेब, मधुमेह." त्याला मधुमेह नव्हता.

त्यानंतर मी नानांना भेटायला जाणार होतो. दिवाळीनंतर. मग मुलीच्या परीक्षेनंतर. मग पावसाळा संपल्यावर. हाताचा व्हॉल्व्ह चार आट्यांवरच राहिला. फरक एवढाच की आता त्याची रीतसर पाटी रंगवून तिथे टांगली होती. नानांचंच औषध, मी 'तात्पुरती व्यवस्था' म्हणून मंजूर करून घेतलं होतं. सात वर्षं मी त्या पाटीसमोरून गेलो.

शेवटी माझं धैर्य वाढलं म्हणून मी गेलो असं नाही. कारखान्यात सुरक्षा सप्ताह होता. मी आता देखभाल विभागाचा प्रमुख, म्हणून नव्या मुलांपुढे भाषण द्यायला मला उभं केलं. विषय होता, नोंदींचं महत्त्व. मी फार चांगलं बोललो. एक न लिहिलेली ओळ माणसाला कुठे नेऊ शकते, असं काहीतरी म्हणालो. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत भिकन सगळ्यात जास्त वेळ टाळ्या वाजवत होता. त्या रविवारी मी धुळ्याहून शिंदखेड्याची एसटी पकडली.

दार नानांच्या बायकोने उघडलं. त्यांना सगळे अक्का म्हणत. मला बघून त्या ओळख विचारायच्या आधीच मी आलो, नाना हरले, असं आत वळून ओरडल्या, "अहो, उना! हरनात तुम्ही!"

नाना ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. वाळले होते, पण डोळे तेच. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचं नुकसान केलं. म्हणजे, आणखी एक.

"सात वर्षं नाही आलास," ते म्हणाले, "आणखी थोडं थांबला असतास तर काय बिघडलं असतं?"

मला कळेना. अक्कांनी सांगितलं. नोटीस लागली त्या दिवशीच दोघांची पैज लागली होती. अक्का म्हणाल्या, पोरगा येईल. नाना म्हणाले, नाही येणार. हरणाऱ्याने महिनाभर रोज दोन वेळा चहा करायचा. "उठा आता," अक्का म्हणाल्या, "साखर कुठे शे, ते तरी माहीत शे का?"

नाना धुसफुसत उठले आणि डबे आपटायला लागले. मी बोलायला सुरुवात केली तर आतून म्हणाले, "थांब. एका वेळी एकच संकट."

चहा भयंकर होता. तो पिता पिता मी सगळं सांगितलं. चार इंचाचा कागद, हेड ऑफिसचं खोटं, तारीख घालून मिटलेली वही. नाना ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मग?"

"मग म्हणजे... माफी मागतो."

"मला काय सांगतोस? मला तर माहीतच होतं. मीच सांगितलं होतं ना तुला लिहायला?"

मी म्हटलं, "मग चौकशीत बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर तू खोटं ठरला असतास. मला तू खरा ठरायला हवा होतास. म्हटलं, उद्या बोलेल. परवा बोलेल." त्यांनी बशी पालथी घातली. "सात वर्षं म्हणजे जरा जास्तच झालं, साहेब."

ते शेंगा आणायला आत गेले तेव्हा अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "दोंडाईचाच्या मिलवाले दोनदा बोलवायला आले. गेले नाहीत. गावातला हापसा नादुरुस्त झाला, सरपंच आला. म्हणाले, नको, छेडछाड होईल. चाळीस वर्षं लोखंडात काढली हो, कोणी बोट दाखवलं नव्हतं. हसतात बसतात, पण हात लावत नाहीत कशाला."

मी निघालो तेव्हा नाना दारापर्यंत आले. "जिथे गप्प बसलास तिथे बोल," म्हणाले. "इथे बोलून मला फक्त चहा पडला."

सोमवारी मी लहान झडप आणि बैठक मागवली. आणि कारण लिहायच्या रकान्यात सगळं लिहिलं: व्हॉल्व्हचं माप माझ्याकडून चुकलं, मला माहीत असून मी ते लपवलं, नानांनी हातचा व्हॉल्व्ह आवळून लाइन वाचवली आणि मला नोंद करायला सांगितली, नोंद मी केली नाही. मोठे साहेब, तेच, आता निवृत्तीला आलेले, त्यांनी ते दोनदा वाचलं. "अहो, इतक्या वर्षांनी कोण विचारतंय? 'सुधारणा' लिहा आणि मोकळे व्हा. हे गेलं वर, तर तुमच्यावर येईल."

"येऊ दे, साहेब."

"खोडा ते."

मी खोडलं नाही. यात शौर्य काही नव्हतं. आलं ते माझ्यावर आलंच. मेमो मिळाला, प्रमुखपद गेलं, पुन्हा इन्स्ट्रुमेंटमध्ये टेबल मिळालं. पण जुनी नोटीस रद्द झाल्याची नवी नोटीस लागली, कारणासकट. आणि शटडाऊनमध्ये लहान झडप बसल्यावर लाइन सुरू करताना नानांना बोलवायचं साहेबांनीच ठरवलं. मला वाटतं, त्यांनाही ते सात वर्षं कुठेतरी टोचत असावं. पण ते त्यांचं आहे, त्यांनी लिहावं.

नाना कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. बरोबर अक्काही, नवरा कुठे काम करायचा ते एकदा बघायला म्हणून. भिकन, त्याची सगळी पाळी, मोठे साहेब, सगळे त्या कोपऱ्यात जमले. नको असलेले क्लॅम्प काढले होते. हातचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पाटी काढली. वाफ सोडली. लोड चढवत चढवत पूर्ण नेला. काटा पट्टीच्या मधोमध आला आणि तिथे थांबला. पाईपात वाफ आहे हे फक्त हात जवळ नेल्यावर कळत होतं.

"काय नाना, झालं ना?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"पाईपाचं झालं," नाना म्हणाले. "याचं राहिलं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नोटीस सगळ्यांनी वाचली होती, तरी तोंडाने सांगणं वेगळं असतं. मी सांगितलं. तारीख घातली, पेन हातात होतं, नाना म्हणाले लिही, आणि मी लिहिलं नाही. नाना सात वर्षं घरी बसले ते माझ्या त्या एका ओळीमुळे. हे मी इतकी वर्षं कोणाला कळू दिलं नाही.

भिकनने डोकं खाजवलं.

"साहेब, हाई ते बठ्ठासले माहीत शे."

"सगळ्यांना म्हणजे, नवी नोटीस लागल्यापासून ना," मी म्हणालो.

"नाही हो. सात वर्षांपासून. नाना कधी हळू बोललेत का? चार आटे, मोठ्या अक्षरात लिही, असं ते ओरडून सांगत होते तेव्हा अर्धी पाळी मागेच उभी होती. आम्ही चौकशीला येणार होतो सांगायला. नानांनीच दम भरला. म्हणाले, जो बोलेल त्याच्याशी माझं बोलणं बंद. त्याचं त्याला बोलू द्या."

"मग तुम्ही सगळे... इतकी वर्षं..."

"वाट बघत होतो ना. तुम्ही सुरक्षा सप्ताहात भाषण केलं तेव्हा वाटलं, आता बोलतील. पण तुम्ही फारच छान बोलला."

आधी अक्कांना हसू फुटलं. मग भिकनला, मग पाळीला, मग मोठ्या साहेबांना, तोंडावर रुमाल धरून. माझी सात वर्षं जपलेली गोष्ट त्या कोपऱ्यात माझ्याखेरीज सगळ्यांच्या ओळखीची होती. पाईप इतका गप्प होता की कोण किती हसतंय ते मला एकेकाचं वेगळं ऐकू येत होतं. सगळ्यात मोठं नानांचं होतं.